ओहोळातले रविवार

आमच्या इमारतीच्या मागून एक ओहोळ जातो. गंगापूर रोडवरून आत वळलं की आधी लग्नाचं एक लॉन लागतं, मग आमची सोसायटी, आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडे तो. सगळे त्याला नाला म्हणतात. माझा नवरा मात्र समोर कोणीही असलं तरी ‘नाला नाही, ओहोळ’ म्हणून दुरुस्त करायचा. त्यानं जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली होती. पाण्याच्या बाबतीत चुकीचा शब्द त्याला खपत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यानं सकाळी फिरायला येणाऱ्या चार-पाच जणांना गोळा केलं आणि दर हिवाळ्यात, रविवारी सकाळी, ओहोळ साफ करायला सुरुवात केली. पावसाळ्यात तिथे उतरता येत नाही आणि उन्हाळ्यात वासानं उभं राहवत नाही, म्हणून दिवाळी ते होळी एवढाच कामाचा काळ. पाणवेली ओढून काढायच्या, बाटल्या, पिशव्या, फाटक्या गाद्या, कुणी सोडून दिलेल्या देवांच्या तसबिरी बाहेर काढून काठावर ढीग लावायचा. मी कधी गेले नव्हते. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी मला माझं घर हवं असायचं. तो चिखलानं माखून परत आला की मी त्याला दारातच थांबवायचे आणि पायांवर गरम पाणी ओतायचे. तेवढाच माझा त्या ओहोळाशी संबंध.

मग एका पावसाळ्यात त्याला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. बोलणं अगदीच गेलं असं नाही, पण मनातला शब्द तोंडात येईना. चहा हवा असला तर तो ‘उद्या’ म्हणायचा, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी ‘उद्या’, आणि आपण चुकीचं बोलतोय हे त्याला कळायचं, त्यामुळे डावा हात खुर्चीवर आपटायचा. मी शाळेतून आधी रजा घेतली, मग नोकरीच सोडली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दवाखान्यातून त्याला चौघांनी उचलून वर आणलं, त्यानंतर तो खाली उतरलाच नाही. मीही भाजी आणि औषधं यांच्यापलीकडे कुठे जात नसे.

दिवाळी झाल्यावर त्याची मंडळी भेटायला आली. त्यांच्यात एक बँकेतून निवृत्त झालेले काका होते. ते गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांना कामाला लावायचे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरबाई होत्या. साहेबांशिवाय काम अडलंय, असं काका म्हणाले. नवऱ्यानं डाव्या हातानं दाराकडे बोट केलं. तिथे चपलांच्या शेजारी त्याचे काळे गमबूट होते. मग तेच बोट त्यानं माझ्याकडे वळवलं. सगळे हसले. डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की वहिनी आल्या तर आम्हाला साहेबच आल्यासारखं वाटेल. मी चहा आणायला आत गेले. परत आले तोवर माझं ठरून गेलं होतं.

पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, चला, निदान दोन तास घराबाहेर. पण मी घराबाहेर पडलेच नव्हते. आमच्या गॅलरीतून ओहोळाचा तेवढाच पट्टा दिसतो आणि नवरा गॅलरीतल्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेला असायचा. मी वाकले तरी तो बघायचा आणि थांबले तरी बघायचा. एखादी बाटली राहिली तर डावा हात कठड्याबाहेर काढून दाखवायचा. खालून काका शिट्टी वाजवून सांगायचे, वहिनी, साहेब काहीतरी म्हणताहेत. आठवडाभर मी त्याला भरवायचे, अंघोळ घालायचे, चमचा कसा धरायचा ते पुन्हा पुन्हा सांगायचे, आणि रविवारी त्याच्याच नजरेखाली, त्याच्याच बुटात पाय घालून गार पाण्यात उभी राहायचे. बूट मला मोठे होते. लोकरीच्या मोज्यांवर मोजे चढवले तरी आत पाय हलायचा.

नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पौषातल्या सकाळचं ते पाणी सांगायला नको. ते बुटाच्या रबरातूनही हाडाला लागतं. पाणवेल वरून हिरवीगार दिसते, पण हात घातला की खाली काळी, केसाळ मुळं, आणि एक झुपका ओढला की बरोबर दहा येतात. एका रविवारी मोकळा केलेला भाग पुढच्या रविवारपर्यंत भरून जायचा. ‘मला नाही यायचं’ हे वाक्य मी मनात किती वेळा म्हणून पाहिलं असेल. पण ते म्हणायचं कुणाला? आजारी माणसाला म्हणता येत नव्हतं, आणि येताना माझ्यासाठी थर्मासमधून आल्याचा चहा आणणाऱ्या डॉक्टरबाईंनाही म्हणता येत नव्हतं.

त्यातच एकदा मी परत आले तर नवरा जिन्यात सापडला. दोन पायऱ्या तो बसत बसत उतरला होता आणि कठडा धरून तिथेच अडकला होता. मुलगा बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, आई, निदान तेवढा वेळ तरी बाहेरून कडी लावत जा. मी नवऱ्याला विचारलं. त्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्या दिवसांत नक्की सांगता येत नसे. मी कडी लावायला लागले. सकाळी मालिश करणारा येऊन गेला की नवऱ्याला गॅलरीत बसवायचं, हाताशी पाण्याचा पेला ठेवायचा, आणि बाहेर येऊन कडी सरकवायची. तिचा खट्ट आवाज आत गॅलरीपर्यंत जातो हे मला माहीत होतं.

ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी शेजारच्या लॉनवर लग्न होतं. सकाळपासून स्पीकर सुरू होते. ओहोळावर आम्ही पाच-सहा जणच होतो. वरच्या अंगाला एक छोटा पूल आहे. पुलाच्या पलीकडे कुणीतरी टाकलेली कापसाची गादी पाणी पिऊन फुगली होती आणि ती ओढायला सगळे तिकडे गेले. मी अलीकडेच राहिले. काठापासून थोड्या अंतरावर बाभळीची एक फांदी पाण्यात पडली होती, तिला पिशव्या लटकल्या होत्या. वर खुर्चीतून हात हलताना दिसला. त्या पिशव्याच तो दाखवत होता. मी निघाले.

तिसऱ्या-चौथ्या पावलाला डावा पाय खाली गेला तो जातच राहिला. तोल सावरायला उजवा टाकला, तोही गेला. मी मांडीपर्यंत गाळात होते. बुटांच्या तोंडातून गाळ आत शिरला आणि पावलांभोवती घट्ट बसला. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी रुते. हाताला धरायला पाणवेलीशिवाय काही नव्हतं, आणि ती हातात तुटून येत होती.

मी हाका मारल्या. पण लॉनवर गुरुजींची मंगलाष्टकं माइकवरून सुरू झाली होती आणि त्या आवाजापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. फोन मी घरी ठेवून यायचे, कारण आधीचा पाण्यात पडला होता. मग मी हाका मारायचं सोडून दिलं आणि नुसती उभी राहिले. थंडी पायांतून वर चढत होती. खरं सांगायचं तर पहिली काही मिनिटं मला भीती वाटली नाही. इतके महिने जे वाटत होतं ते आता निदान दिसतं तरी आहे, असंच काहीसं वाटलं. वर पाहिलं. नवरा खुर्चीत पुढे सरकून बसला होता. त्यालाही ओरडता येत नव्हतं.

तेवढ्यात काठाकाठानं एक बाई आल्या. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, वरून पुरुषी स्वेटर आणि कानाला रुमाल. खाली, ओहोळ वळतो तिथे त्यांचं फुलांचं शेत आहे. शेवंती आणि झेंडू. माल पंचवटीत विकायला नेतात. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी त्या भांडायला आल्या होत्या.

“ओ बाई, ती पाणवेल तुम्हीच सोडता ना खाली? समदी आमच्या मोटरीत जाऊन बसती. लय वैताग आणलाय तुम्ही लोकांनी.”

“मी अडकलेय,” मी म्हणाले.

त्यांनी नीट पाहिलं. चेहरा बदलला. पुलाकडे पळत गेल्या, तिथे काहीतरी सांगितलं आणि परत येऊन माझ्या समोर, काठावर उकिडव्या बसल्या. सोसायटीतून शिडी आणायला माणसं गेलीत, असं त्यांनी सांगितलं. हलू नका म्हणाल्या, आणि पाणवेलीचं बोलणं मात्र सोडलं नाही. आम्ही झुपके ओढायचो आणि दमलो की अर्धे प्रवाहात ढकलून द्यायचो. ते सगळे त्यांच्या मोटरीच्या जाळीला लागायचे. हिवाळाभर त्या आणि त्यांची सून रोज ते काढत होत्या. मी ऐकत राहिले. माझे दात वाजत होते.

मी म्हणाले, “मला यायचंच नसतं इथे.”

हे मी मोठ्यानं बोलले हे मला बोलून झाल्यावर कळलं.

“मग येता कशाला?”

मी मानेनं वर गॅलरीकडे दाखवलं. त्यांनी वळून पाहिलं, मीही पाहिलं. गॅलरीत खुर्ची रिकामी होती.

आतापर्यंत आली नव्हती ती भीती एकदम आली. तो पडला असणार, नाहीतर सरपटत कुठेतरी निघाला असणार. मी पाय ओढायला लागले आणि आणखी खाली गेले. बाई ओरडल्या, हलू नका म्हणून. मी त्यांना कसंबसं सांगितलं की दुसऱ्या मजल्यावर माझा नवरा एकटा आहे, त्याला चालता येत नाही, बोलता येत नाही, तुम्ही आधी वर जा, दाराला बाहेरून कडी आहे.

“बाहेरून?” त्यांनी विचारलं.

त्या उठल्या आणि भिंतीच्या फटीतून सोसायटीत गेल्या.

शिडी येईपर्यंतचा वेळ मला फार मोठा वाटला. वर आमचं घर दिसत होतं, दोरीवर वाळत घातलेला त्याचा पायजमा दिसत होता, आणि मला तिथे पोचता येत नव्हतं. लॉनवर मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू झाली. मग काका आणि एक कॉलेजातला मुलगा शिडी घेऊन धावत आले. डॉक्टरबाई मागून दोर घेऊन आल्या. शिडी पाणवेलीवर आडवी टाकली. मी तिच्यावर पोटावर पडले, डॉक्टरबाईंनी दोर काखेतून बांधला. काका म्हणाले, वहिनी, बूट सोडा, बुटांसकट निघणार नाही. मी पायाची बोटं आखडून घोटा फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि आधी एक पाय आणि मग दुसरा, बुटातून सुटून आला. मोजेही आतच राहिले. गाळ तिथल्या तिथे मिटला आणि बूट कुठे होते तेही कळेना.

मी अनवाणीच जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर आमचं दार सताड उघडं होतं आणि नवरा उंबऱ्यावर, दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. गॅलरीपासून दारापर्यंत तो एका हातानं स्वतःला ओढत आला होता आणि दार आतून बडवत राहिला होता. ते ऐकून समोरच्या शेजारीणबाईंनी कडी काढली होती. त्याचा गुडघा सोलवटला होता. शेजारीणबाई त्याला पाणी पाजत होत्या. फुलांच्या शेतातल्या बाई पायरीवर बसून त्याला पाणवेलीची तक्रार सांगत होत्या. हे काम त्यानंच सुरू केलं हे त्यांना शेजारणीकडून कळलं होतं, मग त्या कशाला थांबतील? तो त्यांच्याकडे बघून ऐकत होता, मान हलवत होता.

मला पाहून त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग डावा हात दाराकडे नेला. ओठ बराच वेळ जुळेनात.

“कडी,” तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत अगदी हवा तोच शब्द त्याला पहिल्यांदाच सापडला होता. मी तिथेच, चिखलासकट, त्याच्याजवळ बसले आणि रडले. तोही रडला. बाई उठून निघाल्या. जाताना शेजारणीला म्हणाल्या, आधी ह्यांच्या पायावर गरम पाणी टाका.

दुपारी जेवणं झाल्यावर मी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. आम्ही कॉलेजपासून एकमेकांना अरे-तुरे करणारे. बोलायचं राहिलंय असं आमच्यात कधी फारसं झालं नव्हतं, पण आजारपणात मी फक्त सूचना द्यायला लागले होते. घोट घे, पाय उचल, थांब. त्या दुपारी मी त्याला सांगितलं की मला ओहोळात उतरायला आवडत नाही, पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही, आणि तू वरून बघतोस ते तर मुळीच आवडत नाही. कडी आजपासून लावणार नाही, पण त्याचा अर्थ असा की मला तुला एकटं सोडून जाता येणार नाही. मग मी जाऊच नको का? चालेल तुला?

त्यानं खूप विचार केला. मग म्हणाला, “नाही.”

मला वाटलं, संपलं. पण त्यानं हात छातीवर ठेवला आणि दुसरा शब्द शोधायला लागला. तो सापडेना तेव्हा छातीवरच थोपटत राहिला, आणि मग बोट खाली, ओहोळाकडे.

“तुला जायचंय?”

त्याची मान हलली. ही मान कशासाठी हलतेय याबद्दल शंका नव्हती.

पुढच्या रविवारी काका, मालिश करणारा आणि दोन कॉलेजची मुलं अशा चौघांनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीला धोतर बांधून खाली उतरवलं. प्रत्येक वळणावर कुणीतरी कण्हत होतं. मी वरच राहिले. तो घरात नाही आणि मी आहे, असं झटक्यानंतर पहिल्यांदाच घडत होतं. मी काय करायचं ठरवलं होतं कोण जाणे. सगळं सोडून गादीवर आडवी झाले आणि छताकडे पाहत राहिले. झोप आली नाही. थोड्या वेळानं उठून गॅलरीत गेले. तो काठावर बसला होता, गुडघ्यावर शाल, आणि शेजारी फुलांच्या बाई उभ्या राहून हातवारे करत होत्या. तो हातानं काहीतरी दाखवत होता. काका समजल्यासारखं दोघांकडे बघत होते. त्या दिवसापासून ओढलेली पाणवेल प्रवाहात सोडायची नाही, काठावरच घ्यायची, असं ठरलं. मी तिथे फार वेळ उभी राहिले नाही. त्याला कुणीतरी वरून बघावं असं मला वाटेना.

तो दुपारी परत आला तो थंडीनं कुडकुडत, शिंतोड्यांनी ओला, प्रचंड दमलेला. पुढचे दोन दिवस ताप होता. म्हणजे माझं काम वाढलंच. पण पुढच्या रविवारी तो सकाळपासून स्वेटर घालून बसला होता.

त्या उन्हाळ्यात आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झाला आणि आम्ही तिथे राहायला गेलो. तिथून ओहोळ दिसत नाही, भिंत दिसते. पावसाळा संपेपर्यंत तो वॉकर धरून फाटकापर्यंत जायला लागला. शब्द थोडे वाढले आहेत, पण गर्दीत अजून अडखळतो. हिवाळ्यात तो रविवारी जातो, काठावर बसतो. मी जात नाही. आता कुणी विचारतही नाही. सोमवार ते शनिवार मात्र तेच आहे, तेच चमचे, तीच औषधं, तीच अंघोळ. दार उघडं असलं तरी मी कुठे जाते असं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी मुलगा आठवडाभर रजा काढून आला आणि त्यानं मला जवळजवळ ढकलूनच सटाण्याला पाठवलं. तिथे माझी धाकटी बहीण असते. पूर्वी दर सुट्टीत जायचे. आजारपणानंतर ती दोनदा येऊन गेली, मी गेले नव्हते. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी सगळी वाट बाहेर बघत बसले. पण तिच्या घरी जेवायला बसले आणि घड्याळाकडेच बघत राहिले. आता त्याची गोळीची वेळ. मुलाला चमचा कसा धरून द्यायचा ते माहीत असेल का? मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा मुलगा म्हणाला, “आई, बाबा जेवले, आणि आता मला ओरडताहेत. तू फोन ठेव.”

मी दुपारच्या बसनं परत निघते म्हणाले. बहीण तिकडे इतकी वर्षं राहून तिकडचीच झाली आहे, बोलणंही अहिराणी. ती ताट उचलत म्हणाली, “इतली काय घाई शे तुले?”

घाई होती, पण कसली ते कळत नव्हतं. ती आत जाऊन भांडी घासायला लागली. मी ओट्याजवळ उभी राहिले, तिनं घासलेली भांडी विसळून पालथी घालत गेले. सगळी झाल्यावर हात पुसले आणि तिला म्हटलं, आज राहते.

संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या शेतावर गेलो. कांद्याची काढणी चालू होती, बांधावर पातीचा उग्र वास होता. मी चपला काढून भुसभुशीत मातीत थोडं चालून आले.